उदाहरणावर कलम लागत नाही

"उभी राहा."

मी उभी राहिले.

"बस."

बसले.

"पुन्हा उभी राहा. आता सगळे हिच्याकडे बघा."

अकरावीचा इंग्रजीचा क्लास होता. मुली डावीकडे, मुलं उजवीकडे, मधून सरांना फिरायला वाट. फळ्यावर दोन शब्द लिहिलेले. राइज आणि रेज. या दोन शब्दांत पोरं हमखास चुकतात, असं सर म्हणाले.

"राइज म्हणजे स्वतःहून वर येणं. सूर्य राइज होतो, त्याला कोणी ढकलत नाही. रेज म्हणजे दुसऱ्यानं वर उचलणं. झेंडा रेज करतात. झेंड्याला स्वतःचा जोर नसतो. समजलं?"

"हो सर."

"नाही समजलं. उदाहरण देतो." सरांनी पहिल्या बाकावरच्या एका मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. "हा उद्या डॉक्टर होईल. दिस बॉय विल राइज. आणि ही..." हातातला खडू माझ्याकडे वळला. "हीसुद्धा डॉक्टर होईल. पण हिला सरकार उचलेल. शी विल बी रेज्ड. पोचतील दोघं एकाच मजल्यावर. एक जिन्यानं, एक लिफ्टनं. आता परीक्षेत चुकणार नाही ना कोणी?"

सगळे हसले. मोठ्यानं नाही. सरांचा विनोद कळला की हसतात तसे. मीही हसले. तोंड आपोआप हसलं. आत काय झालं ते तोंडाला कळायच्या आत.

"सिट डाउन," सर म्हणाले. मी बसले.

सरांनी जात उच्चारली नाही. शिवी दिली नाही. आवाज चढवला नाही. व्याकरण शिकवलं. एवढंच.

गाव तालुक्याचं, बुलडाणा जिल्ह्यातलं. नाव सांगत नाही, कारण ते गाव एकटं नाही. माझे बाबा तिथल्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. आयटीआय करून, परीक्षा देऊन लागलेले. आम्ही उपाशी नव्हतो. घर पक्कं होतं. क्लासची फी बाबांनी सगळ्यांसारखी भरली होती, एकदम, सवलत न मागता. हे मुद्दाम सांगते. नाहीतर वाचणाऱ्याला वाटतं, कोणाच्या दारात उभी राहून शिकली असेल पोरगी. नव्हते मी उभी.

आणि मला इंग्रजी आवडायचं. खरंच आवडायचं. आपल्याकडे वाढणं हा एक शब्द. पोर वाढतं, कापसाचा भाव वाढतो, गाव वाढतं, ताप वाढतो, सगळं एकाच शब्दात. इंग्रजीत प्रत्येक वाढण्याला वेगळा शब्द. मला त्याची गंमत वाटायची. संध्याकाळी बाबा डेपोतून आले, हातपाय धुतले की विचारायचे, "आज कोनता शब्द आला बाई?" मी सांगायचे. एकदा मी त्यांना ही वाढण्याची सगळी रांग म्हणून दाखवली. ते ऐकत बसले आणि म्हणाले, "आन तुही माय ताटात जेवन वाढते, त्याले काय म्हन्तेत?"

"सर्व्ह."

"म्हंजे ते बी निराळंच," बाबा म्हणाले आणि आईकडे बघून हसले. "घ्या बाई, सर्व्ह करा."

असं होतं आमचं घर.

त्या दिवशी बाबांनी विचारलं, आज कोणता शब्द. मी म्हटलं, आज क्लास झाला नाही.

दुसऱ्या दिवसापासून माझं नाव रेज झालं. "रेज आली." "ए रेज, सरक न." सायकल स्टँडपाशी, पाण्याच्या टाकीपाशी, सगळीकडे. माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण भाजीपाला लावणाऱ्यांच्या घरची होती. साधी, माझ्यासारखीच खेड्याचं बोलणारी. तिला म्हटलं, तू तरी नको म्हणू. ती म्हणाली, "अवं, मजाक करते तं मजाकमध्ये घे न. तुले बोल्ले थोडी, उदाहरण देल्लं त्यायनं."

तिच्या मनात वाईट नव्हतं. कोणाच्याच मनात वाईट नव्हतं. मनात वाईट नसलेल्या सगळ्या वर्गानं वर्षभर मला त्या नावानं हाक मारली.

सरांना तो धडा फार आवडला असावा. काही दिवसांनी त्यांनी इन्क्रीज आणि ग्रो घेतलं. "इन्क्रीज म्हणजे संख्येनं वाढणं. नुसता आकडा. ग्रो म्हणजे आतून वाढणं. झाड ग्रो होतं. माणसाचे विचार ग्रो होतात. काही वस्त्यांत..." इथं ते थांबले, खडूची भुकटी झटकली. "काही वस्त्यांत फक्त इन्क्रीज होते."

माझ्याकडे बघितलंही नाही त्यांनी. गरज नव्हती. वर्गानं बघितलं.

मी मान खाली घालून वहीत वाक्य उतरवत होते आणि मनात सरांशी बोलत होते. सर, आमच्या वस्तीतल्या दोन मुली नर्स आहेत. एक पोरगा तलाठी झाला. माझी आत्या लग्नानंतर दहावी पास झाली. असं एकेक नाव घेऊन मी आमच्या वस्तीची साक्ष देत होते. मनातल्या मनात. कोणी साक्ष मागितलीच नव्हती.

मग चाचणी झाली. पेपर तपासून सरांनी गठ्ठा टेबलावर ठेवला आणि सगळ्यात वरचा उचलला. माझा होता. वर्गात पहिली होते मी.

सरांनी पेपर उलटसुलट केला. म्हणाले, "आज नवीन शब्द. एन्हान्स. मुळात जे चांगलं आहे ते आणखी चांगलं करणं. हिऱ्याला पैलू पाडणं. आता हिचे मार्क..." पेपर माझ्यासमोर टाकला. "इथं एन्हान्स वापरता येत नाही. कारण मुळात काही असावं लागतं. हिचे मी वाढवून दिले. म्हटलं, आपल्या हातूनही होऊन जाऊ दे थोडं आरक्षण."

पुन्हा ते हसू. मागच्या बाकावरून कोणीतरी "रेज, पेढे" असं म्हणालं.

मी पेपर बघितला. एकही मार्क वाढवलेला नव्हता. जे बरोबर होतं त्यालाच मार्क होते. बेरीज बरोबर होती.

मी उठले. भांडायला उठले नव्हते, आजही शपथेवर सांगते. मला खरंच विचारायचं होतं. सर ज्या ज्युनिअर कॉलेजात शिकवायचे ते त्यांच्या सासऱ्यांच्या संस्थेचं होतं. जाहिरात निघायच्या आधीच जागा ठरली होती, हे गावात टपरीवरचा माणूसही सांगायचा. कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मला फक्त शब्द कोणता लावायचा ते कळत नव्हतं.

"सर, तुम्ही सासऱ्यांच्या कॉलेजात लागले, ते राइज की रेज?"

सर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खडू ठेवला, रुमालानं बोटं पुसली, आणि अगदी हळू म्हणाले, "गेट आउट. वडिलांना घेऊन ये."

बाबा आले. पाळी संपवून थेट आले, खाकी कपड्यांवर. हात धुतले होते, पण ऑइलचा वास जात नाही. आम्ही वर्गात शिरलो तशी पहिल्या बाकावरच्या मुलीनं तिची बॅग जरा आत ओढून घेतली. बाबांच्या लक्षात आलं की नाही, माहीत नाही. माझ्या आलं.

सर म्हणाले, "तुमची मुलगी हुशार आहे. पण संस्कार कमी पडले. सगळ्यांसमोर बोलली, सगळ्यांसमोर माफी मागू दे. मग बसू दे क्लासला. माझ्या मनात काही नाही."

आणि बाबांनी हात जोडले.

माझे बाबा दर रविवारी विहारात जायचे. पांढरा शर्ट घालून. कोणासमोर वाकायचं नाही, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकत मोठी झालेली. त्यांनी त्या माणसासमोर, त्या पोरांसमोर हात जोडले आणि म्हणाले, "लेकरू हाय सर. चुकलं. बारावीचं वर्स हाय म्होरं. या गावात दुसरा क्लास नाई. मांगन ते माफी. माग वं बाई."

मी फळ्याकडे बघत उभी राहिले.

"माग न बाई."

तोंड उघडायला गेले. "सॉरी" एवढाच शब्द. सगळं जग दिवसभर म्हणतं. माझ्याच्यानं निघाला नाही. बाबांचे जोडलेले हात मला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसत होते, आणि ते जोपर्यंत दिसत होते तोपर्यंत तो शब्द निघणारच नव्हता. मी वळले आणि चालायला लागले. मागून कोणीतरी म्हणालं, "रेज चालली." सगळे हसले.

बाबा मागून आले. मोटारसायकलला किक मारली. डेपोच्या भिंतीपर्यंत आलो. तिथं गाडी उभी केली.

"ते पोरं तुले काय म्हनत होते?"

"काही नाही."

"मी आयकलं. रेज म्हने. रेज म्हंजे काय?"

मी सांगितलं. भिंतीपाशी उभं राहून मी माझ्या बापाला राइज आणि रेज यातला फरक शिकवला. तो त्यांचा रोजचा प्रश्न होता न, आज कोणता शब्द. त्याचं उत्तर इतक्या दिवसांनी दिलं. पहिल्यांदा त्यांना कळलं नाही. "दुसऱ्यानं उचललं तं त्याच्यात वाईट काय हाय? पडलेल्याले उचलाच लागते." मग मी जिना आणि लिफ्ट सांगितलं. मग वस्तीचं सांगितलं. मग पेपराचं.

बाबा ऐकत होते. डेपोतून एक गाडी बाहेर पडली, खामगावची. ड्रायव्हरनं हात केला. बाबांनी हात केला नाही.

"मी परीक्सा देऊन लागलो बाई," ते म्हणाले. "आयटीआयले नंबरात होतो मी."

मला सांगत नव्हते ते. मला माहीतच होतं. त्या खोलीत बोलायचं राहून गेलेलं ते आता भिंतीला सांगत होते.

मग त्यांनी गाडी वळवली. घराकडे नाही. पोलीस ठाण्याकडे.

ठाण्यात टेबलावर जो हवालदार होता तो आपलाच निघाला. बाबांना बघून उभा राहिला. "जयभीम काका. बसा." मला वाटलं, झालं. आता होईल.

त्यानं पाणी दिलं. सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही टोकलं नाही. मग विचारलं, "जातीचं नाव घेतलं का त्यानं?"

"नाही," मी म्हटलं.

"शिवी देल्ली?"

"नाही."

"हात लावला? हाकलून देताना कोनता शब्द वापरला?"

"गेट आउट म्हणाले."

"मंग ताई, मी लिहू काय?"

"त्यांनी उदाहरण दिलं," मी म्हटलं. "माझं."

त्यानं पेनाचं टोपण काढलं. मग म्हणाला, "काका, मले समजलं. पुरं समजलं. तुमाले वाटते मले समजलं नसन? पन उदाहरणावर कलम लागत नाई. म्या लिहून घेतलं तं ते म्हनतीन, व्याकरन शिकवत होतो. वर्गातलं एक पोरगं साक्ष द्याले येनार नाई. आन उद्या या पोरीले सगळ्या गावात फिरनं मुश्कील होईन. तुमी सांगा, लिहू?"

तो टाळत नव्हता. पेन हातात धरून बसला होता. बाबांनी 'लिहा' म्हटलं असतं तर त्यानं लिहिलं असतं. बाबांनी माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे एवढे शब्द होते, इतक्या बारीक फरकांचे, आणि त्यातला एकही त्या कागदावर चालणारा नव्हता.

बाबा उठले. "राहू द्या," म्हणाले.

त्या दिवसापासून बाबांनी मला कधी शब्द विचारला नाही.

क्लास सुटला. मैत्रीण सुटली. तिच्या घरचे म्हणाले असतील, किंवा तिलाच वाटलं असेल. मी बारावी घरी बसून केली. डॉक्टर झाले नाही. डॉक्टर व्हायचं हे सरांनीच उदाहरणात ठरवलं होतं, मी नव्हतं. मी अमरावतीला इंग्रजीत एम.ए. केलं, मग बी.एड. केलं. कायम जागांची वाट बघितली. जागा निघाल्या नाहीत. निघाल्या त्या आधीच कोणाच्या तरी घरात गेल्या होत्या. शेवटी खामगावातल्या एका इंग्रजी शाळेत लागले. दर उन्हाळ्यात कंत्राट संपायचं, दर जूनमध्ये पुन्हा सुरू व्हायचं. पोरं चांगली होती. शिकवताना मी उदाहरणं झाडांची, बसची, कढईची देते. वर्गातल्या कोणाचं देत नाही. अजूनही देत नाही.

आणि मग यंदाच्या स्नेहसंमेलनाला प्रमुख पाहुणे म्हणून सर आले.

केस पांढरे झालेले. अंगावर जाकीट. आता त्यांच्या क्लासच्या शाखा आहेत. बोर्डावर त्यांचा फोटो हाताची घडी घातलेला असतो. मुख्याध्यापिका मॅडमनी शिक्षकांना ओळीत उभं केलं आणि एकेकाची ओळख करून दिली. माझ्यापाशी येऊन म्हणाल्या, "सर, या तुमच्याच गावच्या. इंग्रजी शिकवतात. तुमच्याच क्लासला होत्या म्हणे."

कुठं तरी कधी तरी मीच बोलले असेन. त्यांनी लक्षात ठेवलं.

सरांचा चेहरा उजळला. खोटा नाही, खरा उजळला. माईक त्यांच्या हातातच होता. पालकांकडे वळले. "बघा! माझी विद्यार्थिनी! आज इंग्रजी शिकवतेय. मंडळी, आपल्या भागातल्या अशा अशा घरातल्या मुलींना आम्ही कुठून कुठं आणलं, याचं मला आज समाधान वाटतं."

टाळ्या वाजल्या. फोटोवाला पुढं आला. मॅडमनी मला कोपरानं हलकंच ढकललं. "नमस्कार करा न सरांना. वाका."

सरांनी आशीर्वादाचा हात आधीच उचलला होता.

मी वाकले नाही. ठरवून नाही. पाठ वाकलीच नाही. म्हटलं, "सर, मी तुमच्या क्लासला होते. तुम्ही मला हाकलून दिलं. मी तुमची विद्यार्थिनी नाही."

माईक चालू होता. मांडवाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत गेलं.

सरांचा हात हवेत तसाच. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. भीती नव्हती. ते आठवायचा प्रयत्न करत होते. मी नीट बघितलं. खरंच आठवत नव्हतं त्यांना. मग त्यांनी माईक बाजूला धरून विचारलं, "नाव काय म्हणालीस तुझं?"

मी नाव सांगितलं. आडनावासकट.

"हां," ते म्हणाले. एवढंच. जणू आडनाव ऐकून सगळा खुलासा झाला. आणि पुढच्या शिक्षकाकडे वळले. निवेदनाच्या मुलीनं घाईघाईनं पहिल्या नाचाचं नाव पुकारलं, गाणं लागलं, पहिलीची पोरं टोप्या घालून स्टेजवर आली. पालक मोबाइल काढून उभे राहिले. मी स्टेजच्या मागं उभी राहून पुढच्या नाचाच्या पोरांचे पंख नीट करत होते.

काहीही झालं नाही. हे मला सांगायचं आहे. मी इतकी वर्षं ज्या वाक्याची मनात जुळवाजुळव केली ते मी म्हटलं, आणि काहीही झालं नाही. गाणंसुद्धा थांबलं नाही.

नंतर स्टाफरूममध्ये एक बाई दार लोटून घेऊन म्हणाल्या, "बरं केलं." दार उघडल्यावर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. उन्हाळ्यात मॅडमनी बोलावलं. "तुमचं शिकवणं चांगलं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण शाळेला माणसं जपावी लागतात. पुढच्या वर्षी आपण थांबू या."

गावी गेले. बाबा आता निवृत्त आहेत. गुडघे गेलेत. त्यांना सांगितलं.

"काऊन बोल्ली?" ते म्हणाले. "नमस्कार केला असता तं काय झिजली असती? म्हातारा मानूस. आजउद्या मरनच."

"बाबा, तुम्ही हात जोडले होते. काय मिळालं?"

बोलायला नको होतं, असं आई म्हणते. बाबांनी तोंड भिंतीकडे केलं. जेवायला उठले, जेवले, पुन्हा झोपले. आता आमच्यात त्यावर बोलणं होत नाही. बाबा माझ्या बाजूनं उभे राहतील असं मला वाटलं होतं. ते एकदा उभे राहिले होते, ठाण्याच्या दारापर्यंत. त्यात त्यांचं सगळं संपलं. मी आणखी मागणं बरोबर नाही.

पुढच्या आठवड्यात जळगाव जामोदकडच्या एका शाळेत मुलाखत आहे. विचारतील, आधीची शाळा का सोडली. मुलाखत घेणाऱ्यांत एक तरी सरांना मानणारा असेल. या भागात तसा कोणी नसतो असं होत नाही. माझ्याबरोबर शिकलेल्या सगळ्या बाया सांगतात, अशा वेळी 'वैयक्तिक कारण' म्हणायचं असतं. त्यानं कोणी दुखावत नाही. पुढचं दार बंद होत नाही.

मी ते म्हणणार नाही. झालं ते सांगणार. वर्गातलं, ठाण्यातलं, स्टेजवरचं. सरांचं नाव घेऊन, माझं आडनाव घेऊन. ते पाणी पाजतील, "कळवू" म्हणतील आणि कळवणार नाहीत. मग त्याच्या पुढच्या शाळेत जाईन. तिथंही हेच सांगेन. जिल्ह्यातल्या शाळा संपल्या तर संपल्या.

कारण वैयक्तिक नव्हतं.